समजा, एक माणूस आहे

मस्सीसाच्या मोठ्या मशिदीतला पश्चिमेकडून तिसरा खांब अबू वासिलचा. खांब मशिदीचाच, पण तेवीस वर्षं रोज सकाळी पाठ टेकून त्याने तो दगड गुळगुळीत करून टाकला होता, आणि कुणी नवखा चुकून तिथे बसला तर झाडूवाला त्याला हाताला धरून उठवायचा. त्या खांबाशी बसून तो राज्याराज्यांमधला कायदा शिकवायचा. लढाई कशी पुकारायची, कशी थांबवायची, तह कसा लिहायचा, शत्रूचा वकील आला तर त्याच्या केसालाही धक्का का लावायचा नाही, शत्रूच्या माणसाला दिलेला अभयाचा कौल कुणी आणि कधी मोडायचा. हा शेवटचा धडा छोटा असे, कारण त्याच्या मते तो मोडायचाच नाही. त्याचं खरं नाव खुलैद, पण मुलगा झाल्या दिवसापासून गाव त्याला अबू वासिल, म्हणजे वासिलचा बाप, म्हणूनच हाक मारत होतं.

या विद्येला गिऱ्हाईक नव्हतं. तरुणपणी तो कूफ्यात शिकत होता तेव्हा बरोबरचे सगळे वारसा, लग्न, खरेदी-विक्री यांच्या मागे होते, कारण त्यातून काझीपद मिळतं. खुलैद मात्र गुरूला विचारत बसायचा की सरहद्दीपलीकडचा ख्रिस्ती रूमी बादशहा मेला तर त्याने केलेला तह टिकतो का. एक दिवस गुरू म्हणाले, हे इथे बसून कळायचं नाही, सरहद्दीवर जा. कटकट टळावी म्हणूनच म्हणाले असतील. पण पठ्ठ्या खरोखर निघाला, आणि मस्सीसाला येऊन राहिला.

मस्सीसाच्या उत्तरेला बर्फाचे डोंगर आणि त्यांच्या पलीकडे रूमी. दक्षिणेला दलदल, तिच्यात सिंधहून आणलेल्या म्हशी आणि उन्हाळ्यात घरोघरी ताप. दर उन्हाळ्यात फौज खिंडीतून वर जायची आणि थंडीच्या आधी थोडी कमी होऊन परतायची. ती परतायची त्या नदीच्या पुलावर खुलैद उभाच असायचा. दुभाषे, वकील, सुटून आलेले कैदी, कुणाला म्हणून त्याने सोडलं नाही. तू हात वर केलेस तेव्हा समोरचा काय म्हणाला, नेमके शब्द सांग, असं तो जखमी माणसालाही विचारायचा. शिपाई त्याला लांबून बघूनच म्हणायचे, आला बघा, आता मलमपट्टी मागाहून, आधी जबानी. त्या जबान्यांतून बावीस वर्षांनी त्याचा ग्रंथ उभा राहिला. तेवढा एकच.

मधे एकदा त्यालाही काझीपद मिळालं होतं. ते दीड महिना टिकलं. एका रूमी गढीशी तीन वर्षांचा तह होता, तिथे दुष्काळ पडला, आणि सुभेदाराला वाटलं की गढी आता फुकटात मिळेल. तह रद्द झाला आहे असं लिहून द्या, एवढंच त्याचं म्हणणं. खुलैदने लिहून दिलं की समोरचा उपाशी आहे म्हणून तह मोडत नाही. मग काझीपद गेलं, आणि ज्यांना पुढे नोकरी करायची होती ते शिष्य एकेक करून दुसऱ्या खांबांकडे सरकले. उरले सात, त्यातला एक ठार बहिरा. त्याच वर्षी बायको तापाने गेली. मग चार वर्षांपूर्वी वासिल फौजेबरोबर लेखनिक म्हणून वर गेला आणि रूम्यांच्या हाती सापडला.

तेव्हापासून अबू वासिल एकटा होता. सकाळ खांबाशी जायची, बाकीचा दिवस जात नसे. तो एका माणसापुरती मसूर भिजत घालायचा आणि तीही उरायची. शेजारची उम्म रैता, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली विधवा, कधी वाडगाभर दही आणून ठेवायची आणि म्हणायची, शेख, भिंतीशी बोलत जाऊ नका, माझ्या घरात ऐकू येतं.

त्या गावात प्रश्न विचारायची एक रीत होती. खांबाशी बसून कुणी आपलं नाव सांगत नसे. "समजा, एक माणूस आहे," अशी सुरुवात व्हायची आणि मग त्या माणसाचं जे काही असेल ते यायचं. एखादी म्हातारी विचारायची, समजा एक माणूस आहे, त्याने दुसऱ्याची म्हैस आपल्या गोठ्यात बांधली, आणि तो माणूस तिच्याच मागे बसलेला असायचा. सगळे गंभीर चेहऱ्याने छताकडे बघायचे. या रीतीच्या बाबतीत अबू वासिलइतका कडक कुणी नव्हता. नाव कानावर पडलं की मन एका बाजूला झुकतं, म्हणून विचारायचंही नाही आणि ओळखायचंही नाही, असं तो शिष्यांना पहिल्याच दिवशी सांगायचा.

वसंत लागता लागता एका दुपारी वासिल दारात उभा राहिला. चौतीस वर्षांचा माणूस, पण गालफडं बसलेली, आणि दोन्ही मनगटांवर काळे वळ.

"मला सोडलं, बाबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याला मिठीत घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. कुणी सोडलं, कशाच्या बदल्यात, कुठल्या अटीवर, हे त्याने विचारलं नाही. जन्मभर कैद्यांना खोदून खोदून विचारणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात एकही प्रश्न विचारला नाही. त्याला फक्त आनंद झाला होता, आणि त्या आनंदाला काही विचारायची त्याची छाती नव्हती.

मग त्या घरात दोन माणसांचं शिजू लागलं. अबू वासिल पहाटे उठून गहू आणि मांस मंद आचेवर चढवायचा, म्हशीचं दही आणायचा, अंजिरं भिजवायचा. उम्म रैताने आपल्या भाचीचा विषय काढला आणि म्हाताऱ्याने तो मुळीच झटकला नाही. वासिल हसायचा, पण हो म्हणायचा नाही. तो दिवसभर कामाला जुंपलेला असे. छप्पर शाकारलं, विहिरीचा दोर बदलला, मागच्या भिंतीशी लाकडांची रास रचली. अरे, इतक्यात दोन हिवाळे निघतील, असं बाप म्हणाला तर तो म्हणाला, निघू देत. मधून मधून तो खोगीरवाल्यांच्या आळीत जाऊन यायचा आणि आला की गप्प असायचा. बापाला वाटलं, घोडा घ्यायचा विचार असेल.

असे चार आठवडे गेले. मग एका सकाळी खांबाशी दुहैम येऊन बसला. दुहैम घोड्यांना नाल मारायचा, वासिलचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि कायद्याशी त्याचा संबंध एवढाच की तो कधी त्याच्या तावडीत सापडला नव्हता. तो शिष्यांच्या मागून पुढे सरकला आणि पाठ करून आल्यासारखं बोलू लागला.

"शेख, समजा एक माणूस आहे. तो रूम्यांच्या कैदेत होता. तिथल्या किल्लेदाराचा भाचा बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या लोकांनी धरून आणलेला. किल्लेदार या माणसाला म्हणाला, चाळीस दिवस देतो, माझा भाचा घेऊन ये. नाही मिळाला तर तू स्वतः परत ये. या माणसाने शब्द दिला. इथे आला तर तो भाचा केव्हाच मुसलमान झालेला, बायकापोरांत रमलेला. म्हणतो, मारून टाका, पण मी जायचा नाही. आता त्या भाच्याला जबरदस्तीने पाठवता येईल का? येत नसेल तर मग हा माणूस शब्दातून सुटला की नाही? काय म्हणता, अबू वासिल?"

अबू वासिल ताठ बसला. कित्येक वर्षांत त्याच्या खांबाशी म्हशींच्या पलीकडचा प्रश्न आला नव्हता. ज्यासाठी तो कूफा सोडून इथे आला, बावीस वर्षं पुलावर उभा राहिला, तोच प्रश्न आज जिवंत होऊन समोर आला होता. आधी त्याने दुसऱ्यांची मतं सांगितली. कूफ्याचे मोठमोठे लोक म्हणतात की कैदेत दिलेला शब्द हा मानेवर सुरी असताना दिलेला, तो बांधत नाही. मग आवाज चढवून त्याने एकेक मत खोडून काढलं. बहिरा शिष्यसुद्धा त्याच्या ओठांकडे टक लावून बसला होता.

"भाच्याला पाठवता येणार नाही," तो शेवटी म्हणाला. "आपल्या आसऱ्याला राहिलेल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध हद्दीपार ढकलायचं नाही, मग बदल्यात कुणीही मिळो. आणि त्या दुसऱ्याने परत जायला हवं. शब्द त्याने दिलाय. तो फिरला तर उद्या पलीकडचा कुठलाही किल्लेदार आपल्या एकाही कैद्याच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. जो सुटला त्याचं भागेल, पण मागे राहिलेल्यांचं दार हा बंद करून येईल."

दुहैमने मान खाली घातली. मग त्याने विचारलं, दुसरी काही वाट नाही का, शेख? शेख म्हणाला, नाही. दुहैम उठला आणि सलाम न करताच गेला. नालबंदाला रीतभात कुठली, असं मनात म्हणत अबू वासिल खुशीत घरी निघाला. हे कधी एकदा वासिलला सांगतो असं त्याला झालं होतं.

जेवताना त्याने सगळं सांगितलं, प्रश्न, मतं, खंडन, निकाल. घास हातातच राहिला होता. वासिल शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"पक्कं ना, बाबा?" त्याने विचारलं.

"पक्कं. एक अक्षर बदलायचं नाही."

"मग मला परवा निघायला हवं," वासिल म्हणाला. "पाच दिवसांची वाट आहे."

अबू वासिलला कळायला वेळ लागला. मग हातातला घास त्याने परत ताटात ठेवला.

"तू मला विचारायचं होतंस," तो म्हणाला.

"विचारलं की. दुहैमच्या तोंडून."

"नाव सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतंत?"

हात न धुताच म्हातारा उठला आणि त्याने ग्रंथ काढला. त्या दुपारी आणि दुसऱ्या सकाळी तो आपलाच ग्रंथ चोरासारखा वाचत होता, कुठे एखादी खिडकी उघडी राहिली आहे का ते बघत. मुदत मोजण्यात सूट? ती त्यानेच नाकारली होती. शब्द देणाऱ्याऐवजी दुसरं कुणी? समोरच्याने आधी कबूल केलं असेल तरच, हेही त्यानेच लिहिलं होतं. कूफ्याच्या मतांवर अकरा पानं होती, त्यातला प्रत्येक मुद्दा त्याने कधीकाळी मोठ्या हौसेने फोडला होता. आता त्यातला एक जरी शाबूत राहिला असता तरी त्याने देवाचे आभार मानले असते.

मग तो उठून खोगीरवाल्यांच्या आळीत गेला. किल्लेदाराचा भाचा आता यूनुस झाला होता, गळ्याशी दोरा-दाभण, मांडीवर धाकटी मुलगी. शेखला बघून तो उभा राहिला आणि त्याने मुलीला घट्ट धरलं.

"मला ठाऊक आहे तुम्ही का आलात," यूनुस म्हणाला. "काल तुम्ही खांबाशी बोललात ते आळीत आलं. माझी बायको काल महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवली."

अबू वासिलला त्याला म्हणायचं होतं की जा, आपल्या मामाकडे जा, तुला तिथे राजवाड्यासारखं घर मिळेल. ते त्याच्या तोंडातून निघालं नाही. मुलगी त्याच्या पांढऱ्या दाढीकडे बघत होती. तो आला तसा परत फिरला.

वासिल अंगणात जोड्याचे बंद शिवत बसला होता. बाप त्याच्यासमोर जमिनीवरच बसला.

"मत बदलता येतं," तो म्हणाला. "मोठमोठ्यांनी बदललंय. उद्या सकाळी खांबाशी बसून म्हणतो की मी चुकलो. मग थांबशील?"

"थांबेन," वासिल म्हणाला.

इतक्या सरळ उत्तराची म्हाताऱ्याची तयारी नव्हती.

"मला तिथे जायची हौस नाही, बाबा. तबेल्यात झोपायचं आणि शिव्या खायच्या. तुम्ही म्हणालात चुकलो, तर मी इथेच राहीन, उम्म रैताच्या भाचीशी लग्नसुद्धा करेन. मागे एकोणतीस जण आहेत, किल्लेदार त्यांना म्हणालाय की हा परत आला तर तुमच्याही शब्दावर सोडून बघू. पण तेही मी विसरेन. फक्त खरोखर चुकला असाल तर म्हणा. माझ्यासाठी म्हणू नका."

अंगणाबाहेरून म्हशी पाण्याकडे चालल्या होत्या. सगळ्या जाईपर्यंत अबू वासिलने किती तऱ्हेने ते वाक्य जुळवून पाहिलं ते त्यालाच माहीत. एका वाक्याने मुलगा घरात राहणार होता. ते खोटं आहे हे जगात दोघांनाच कळलं असतं.

"नव्हतो चुकलो," तो म्हणाला.

वासिलने मान डोलावली आणि पुन्हा दाभण हातात घेतलं.

तिसऱ्या सकाळी बाप पुलापर्यंत गेला. दुहैम घोडा घेऊन आला होता, खिंडीपर्यंत सोडायला. तो शेखकडे बघत नव्हता. वासिलने बापाच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला की पावसाआधी छपराची कड एकदा बघा. मग दोघं गेले. पुलावरचा पहारेकरी म्हणाला, शेख, आज कुणाची जबानी नाही का घेणार? त्याला काही माहीत नव्हतं. शेख त्याला नाही म्हणाला आणि घरी आला. दार लावून घेतल्यावर त्याला समजेना की बसायचं कुठे.

किल्लेदाराने शब्द पाळला. पुढच्या वसंतात त्याने तिघांना मुदतीवर सोडलं, तिघांनी बदल्यात इकडचे रूमी कैदी शोधून दिले आणि ते घरी राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी पाच. एकाला बदली माणूस मिळाला नाही, तो गाजावाजा न करता परत गेला आणि त्याच्यानंतरच्या वर्षी सुटला. शेजारच्या दोन गढ्यांनीही तोच शिरस्ता धरला. सहा वर्षांत त्या एकोणतिसांपैकी अठ्ठावीस जण आले. गावात अबू वासिलचं नाव झालं. कूफ्याहून, दमास्कसहून शिष्य येऊ लागले, तिसऱ्या खांबाभोवती जागा पुरेना, आणि नव्या सुभेदाराने त्याच्यासाठी गालिचा पाठवला. म्हातारा त्या गालिच्यावर बसायचा, शिकवायचा, घरी येऊन एका माणसापुरती मसूर भिजत घालायचा. सुटून आलेला प्रत्येक जण आधी खांबाशी येऊन त्याला सलाम करायचा. तो प्रत्येकाला एकच विचारायचा, तो कसा आहे. बरा आहे, असं प्रत्येक जण सांगायचा. किल्लेदार वासिलला कुणाच्याही बदल्यात द्यायला तयार नव्हता. त्याला त्याचा भाचाच हवा होता.

सातव्या वसंतात सुलैक नावाचा तरुण आला, एकोणतिसावा, शेवटचा. त्याची आई बरोबर होती. तिने सगळ्यांसमोर शेखचे हात धरले आणि ती म्हणाली की तुमच्यामुळे माझं लेकरू घरी आलं, तुमचं कल्याण होवो. त्या क्षणी अबू वासिलला त्या बाईचा राग आला. उघड, कडू राग. त्याने हात हळूच सोडवून घेतले आणि मुलाला विचारलं, तो कसा आहे.

"बरा आहे," सुलैक म्हणाला. "दाढी पिकायला लागलीय. किल्लेदाराचे घोडे त्याच्या ताब्यात आहेत."

"बेड्या?"

"बेड्या कधीच काढल्या, शेख. मला सोडायला तो हद्दीच्या दगडापर्यंत आला होता, एकटाच. पहारेकरी वर भिंतीवर फासे खेळत होते. मी म्हटलं, कोण बघतंय, चल की माझ्याबरोबर. आता मागे कुणी उरलेलंही नाही."

शिष्यांची लेखणी थांबली होती.

"मग?" अबू वासिलने विचारलं.

"हसला. म्हणाला, बाबांना विचार, मत बदललंय का. बदललं असेल तर कळव, त्याच दिवशी निघतो. पुढच्या महिन्यात व्यापाऱ्यांचा तांडा वर जातोय, शेख. त्यांच्याकडे निरोप देता येईल. काय कळवू?"

पन्नासेक माणसं त्याच्याकडे बघत होती. बहिऱ्या शिष्याला काय चाललंय ते कळेना, तो शेजाऱ्याच्या बाहीला ओढत होता. सुलैकची आई आपल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आणि तो हात ती काढत नव्हती.

"बदललेलं नाही म्हणावं," अबू वासिल म्हणाला. मग त्याने पागोट्याचं टोक तोंडावर ओढून घेतलं आणि तो सगळ्यांच्या देखत रडू लागला.